रिलीफ व्हॉल्व्हची देखभाल: बेंचवरचा पहिला पॉप आणि त्याच्या आगेमागे

प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखालची बंद टाकी, फुटू नये म्हणून लावलेली शेवटची यांत्रिक सोय म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. कंट्रोल लूपने दगा दिला, ट्रिप (प्लँट आपोआप बंद करणारी सोय) लागला नाही, ऑपरेटरला वेळ मिळाला नाही, की त्याची पाळी येते. साधा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असेल तर त्याला वीज लागत नाही, सिग्नल लागत नाही. खालून दाब, वरून स्प्रिंग, एवढ्यावर त्याचं काम चालतं. अडचण अशी की वर्षानुवर्षं त्याला काही कामच नसतं. पंप बिघडायला लागला की आवाज करतो, तापतो, गळतो. रिलीफ व्हॉल्व्ह आतून जाम झाला तर बाहेर काहीही कळत नाही. चालू प्लँटमध्ये चांगला व्हॉल्व्ह आणि चिकटलेला व्हॉल्व्ह अगदी सारखे दिसतात.

त्यामुळे माझा सगळ्यात जास्त भर एका आकड्यावर आहे: लाइनवरून काढलेला व्हॉल्व्ह साफसफाईच्या आधी, आला तसाच बेंचवर (दाब देऊन तपासायच्या टेबलावर) लावल्यावर पहिल्यांदा किती दाबाला उघडला. ओव्हरहॉल किती छान झालं यावरून पुढची काळजी मिटते, पण गेली काही वर्षं ते व्हेसल खरंच सुरक्षित होतं का, हे फक्त तो पहिला पॉप, म्हणजे व्हॉल्व्हचं ते पहिलं उघडणं, सांगतो. खाली दिलेली प्रत्येक पायरी त्या आकड्याला जपण्यासाठी किंवा त्यातून काहीतरी शिकण्यासाठी आहे.

आधी आकडे नीट समजून घ्या

समजा, एका व्हेसलचा कमाल परवानगीचा दाब १० बार आहे. एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे त्यावरचा एकुलता एक व्हॉल्व्ह जास्तीत जास्त १० बारला सेट करता येतो, म्हणजे त्या दाबाला उघडेल असा लावता येतो. उघडल्यावर पूर्ण क्षमतेने वाहताना व्हेसलमधला दाब ११ बारच्या वर, म्हणजे १०% पेक्षा जास्त, जाता कामा नये. एकाहून अधिक व्हॉल्व्ह असतील तर ही मर्यादा १६% आणि व्हेसलभोवती आग लागल्याच्या प्रसंगासाठी २१%, म्हणजे १२.१ बार. सेट प्रेशरमध्ये साधारण ५ बारच्या वर ३% इकडे-तिकडे चालतं, म्हणजे आपला व्हॉल्व्ह ९.७ ते १०.३ बारच्या दरम्यान उघडला पाहिजे. नेहमीचा चालू दाब ९ बारच्या आत ठेवावा. त्याहून जवळ गेलात तर सीटवरचा (बंद करणारी डिस्क नॉझलच्या तोंडाला टेकते त्या पट्टीवरचा) दाब कमी पडतो आणि व्हॉल्व्ह सिसिस करत गळायला लागतो.

व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा आहे, हेही बेंचवर नेण्याआधी माहीत हवं. साध्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हवर डिस्चार्जमधल्या बॅक प्रेशरचा, म्हणजे बाहेरच्या बाजूने येणाऱ्या दाबाचा, थेट परिणाम होतो. बेलोजच्या व्हॉल्व्हमध्ये तो परिणाम बेलोज (घड्यांची लवचीक नळी) तोलून धरतो. पायलटच्या व्हॉल्व्हमध्ये मुख्य पिस्टन प्रोसेसच्याच दाबाने बंद राहतो आणि छोटा पायलट त्याला उघडायला लावतो, म्हणून तिथे बारीक सेन्सिंग लाइन घाणीने बुजणं हा मोठा धोका असतो. वायू आणि वाफेवरचे व्हॉल्व्ह झटक्यात उघडतात. द्रवावरचे दाब वाढेल तसे हळूहळू उघडतात.

काढण्याआधी: कागद आणि आयसोलेशन

प्रत्येक व्हॉल्व्हची नोंदवहीत स्वतंत्र ओळ असावी: टॅग नंबर, कोणत्या व्हेसलला सांभाळतो, त्या व्हेसलची मर्यादा, सेट प्रेशर, बेंचवर लावायचा दाब, ऑरिफिसचं (वाहायच्या भोकाच्या मापाचं) अक्षर, स्प्रिंगचा नंबर, डिस्चार्ज कुठे जातो आणि कोणता प्रसंग धरून साईज काढला. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. हा व्हॉल्व्ह आगीसाठी आहे, कूलिंग वॉटर बंद पडण्यासाठी आहे की कंट्रोल व्हॉल्व्ह उघडा अडकण्यासाठी, हे माहीत नसेल तर तो काढल्यावर नक्की कशापासूनचं संरक्षण गेलं हे परमिटवर सही करणाऱ्यालाही कळत नाही.

ज्या व्हेसलचा व्हॉल्व्ह काढायचा, ते एकतर पूर्ण रिकामं आणि दाबमुक्त हवं, नाहीतर त्याला दुसरा तेवढ्याच क्षमतेचा व्हॉल्व्ह लागू असला पाहिजे. दोन व्हॉल्व्हमध्ये चेंजओव्हरची सोय असेल तर एक उघडल्याशिवाय दुसरा बंद होणार नाही असं इंटरलॉक हवं. खाली आयसोलेशन व्हॉल्व्ह असेल तर तो फुल बोअरचा (वाट अरुंद न करणारा), उघड्या स्थितीत सील किंवा लॉक केलेला हवा. तो गेट व्हॉल्व्ह असेल तर त्याचा स्पिंडल आडवा ठेवतात. उभा ठेवला आणि गेट स्पिंडलवरून निखळलं, तर ते खाली पडून वाट बंद करतं आणि वरचं चाक मात्र उघडंच दाखवत राहतं. स्टीम बॉयलर आणि त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये तर कोणताही बंद करता येणारा व्हॉल्व्ह एएसएमईचा कोड चालूच देत नाही.

आयसोलेशनच्या बाबतीत ११ जून २००८ रोजी ह्यूस्टनच्या गुडइयर कारखान्यात झालेला अपघात प्रत्येक शिफ्टला सांगावा असा आहे. आदल्या दिवशी अमोनियाच्या हीट एक्स्चेंजरवरची फुटलेली रप्चर डिस्क (ठरलेल्या दाबाला फुटणारी पातळ चकती) बदलण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्हकडे जाणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला. डिस्क बदलली, पण तो व्हॉल्व्ह परत उघडला गेला नाही. दुसऱ्या सकाळी अमोनियाचा प्रेशर कंट्रोलचा मार्गही ब्लॉक झाला आणि प्रोसेसची लाइन साफ करायला वाफ सोडली. ट्यूबमधल्या वाफेने शेलमधला अमोनिया तापला, दाबाला बाहेर पडायला वाट उरली नाही आणि एक्स्चेंजर फुटला. त्यात एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. दुरुस्तीचं काम नीट झालं होतं. राहिला होता तो एक व्हॉल्व्ह परत उघडून त्यावर सील लावणं आणि पुढच्या शिफ्टला ते कळवणं. म्हणून परमिट बंद करण्याच्या कागदावर "आयसोलेशन उघडा, सील नंबर अमुक" असा स्वतंत्र रकाना ठेवा. तो भरायला ऑपरेशनच्या माणसाने स्वतः जागेवर जाऊन बघितलं पाहिजे.

काढताना आणि नेताना

फ्लँजचे बोल्ट सैल करताना समोर उभं राहू नका. व्हेसल रिकामं असलं तरी व्हॉल्व्हच्या बॉडीत, बॉनेटमध्ये आणि डिस्चार्जच्या पाईपात माल आणि दाब अडकलेला असू शकतो. फ्लेअर हेडर (सुटलेला वायू जाळायच्या चिमणीकडे नेणारा पाईप) चालू असेल तर डिस्चार्जच्या बाजूने वायू उलटा येतो, तिथे आधी ब्लाइंड (पाईप बंद करणारी चकती) लावा. हायड्रोजन सल्फाइडच्या सर्व्हिसमध्ये आत साचलेला आयर्न सल्फाइड हवा लागताच पेटू शकतो, त्याला ओला ठेवावा लागतो.

काढलेला व्हॉल्व्ह उभाच ठेवा आणि उभाच न्या. आडवा टाकला की आतले भाग एका बाजूला कलतात, सीटवर खूण पडते. लिव्हरला धरून उचलणं तर अजिबात नको. दोन्ही फ्लँजना कव्हर लावा आणि टॅग व्हॉल्व्हलाच बांधा, गाडीला किंवा खोक्याला नको. आदळआपट झाली तर पहिल्या पॉपचा आकडा बिघडतो. मग चिकटपणा प्लँटमध्ये होता की रस्त्यात सुटला, हे कळायला मार्ग उरत नाही.

बेंचवर: आला तसा

इथे घाई करणारे फिटर बरेच भेटतात. व्हॉल्व्ह घाण दिसतो, हात आपोआप ब्रशकडे जातो. थांबवा. विषारी किंवा संक्षारक माल असेल तर माणसाच्या सुरक्षेपुरतं निर्विषीकरण करावंच लागतं, पण तेवढंच. आधी इनलेटमध्ये टॉर्च मारून फोटो काढा. नॉझलच्या तोंडाशी पपडी किती आहे, पॉलिमर आहे की गंज, रंग कोणता, सगळं टिपून ठेवा.

मग बेंचवर बसवून दाब हळूहळू वाढवा. वायूच्या व्हॉल्व्हला हवा किंवा नायट्रोजन, द्रवाच्या व्हॉल्व्हला पाणी, वाफेच्या व्हॉल्व्हला शक्य असेल तिथे वाफ. अपेक्षित दाबाच्या ९०% नंतर वाढीचा वेग अगदी कमी करा आणि गेजवरून नजर हलवू नका. नीट व्हॉल्व्ह असेल तर उघडण्याच्या थोडं आधी बारीक फुसफुस ऐकू येते आणि लगेच ठोका बसतो. सुई त्या क्षणी जिथे होती तो आकडा लिहा. अंदाजे नको, पूर्णांक करून नको.

आता हा आकडा वाचायचा कसा? १० बारचा व्हॉल्व्ह १०.१ ला उघडला तर उत्तम. पहिल्यांदा ११.८ ला उघडला आणि दुसऱ्यांदा १०.०५ ला, तर स्प्रिंग ठीक आहे, पण डिस्क नॉझलला किंवा गाइडमध्ये चिकटली होती. पहिल्या धक्क्याने ती सुटली. अशा वेळी दुसरा आकडा रिपोर्टमध्ये टाकून "पास" लिहिण्याचा मोह होतो. असं करणाऱ्याने एका व्हेसलचा खरा धोका कागदावरून पुसून टाकला. प्लँटमध्ये त्या व्हेसलला पहिलाच पॉप मिळणार होता, दुसरा नाही. दोन्ही वेळा आकडा सारखाच जास्त आला तर सेटिंगच हललेली आहे किंवा मागच्या वेळी चुकीचं लावलं आहे. दोन्ही वेळा कमी आला तर स्प्रिंग नरम पडली असेल किंवा सीट खराब असेल. अपेक्षित दाबाच्या दीडपटीपर्यंत जाऊनही उघडला नाही तर तो बंद अवस्थेत जाम धरावा. तिथेच थांबा, आणखी दाब देऊ नका. याची खबर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी प्लँटला द्या, कारण त्याच सर्व्हिसमधले बाकीचे व्हॉल्व्ह अजून लाइनवर आहेत.

उघडणं, तपासणं, लॅपिंग

१. सील कापायच्या आधी त्याचा नंबर लिहा. सील तुटलेलं असेल तर कोणीतरी मध्ये हात घातलाय.

२. कॅप काढून ॲडजस्टिंग स्क्रू लॉकनटच्या वर किती आहे ते मोजा. ब्लोडाऊन रिंग नॉझलला टेकेपर्यंत किती दाते फिरते ते मोजून लिहा. बेंचवर हवेचा साठा थोडा असल्याने ब्लोडाऊन (उघडण्याचा आणि परत बंद होण्याचा दाब यांतला फरक) खऱ्या अर्थाने तपासता येत नाही. म्हणून रिंग शेवटी निर्मात्याने दिलेल्या दात्यांवरच ठेवावी लागते आणि हा आकडा हरवला की अंदाजाला जागा मिळते.

३. स्प्रिंगवरचा ताण पूर्ण सोडल्याशिवाय बॉनेटचे नट काढू नका. दाबलेल्या स्प्रिंगने हात आणि तोंड दोन्ही जखमी होऊ शकतात.

४. स्प्रिंग आणि तिचे दोन्ही वॉशर एकत्र बांधून ठेवा, दुसऱ्या व्हॉल्व्हचे मिसळू देऊ नका. स्प्रिंगची मोकळी उंची मोजा, तडे आणि गंजाचे खड्डे बघा. खड्डे असलेली स्प्रिंग रंग मारून परत लावायची नसते.

५. स्पिंडल सरळ आहे का ते इंडिकेटरवर फिरवून बघा. गाइडमध्ये डिस्क होल्डर स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे.

६. बेलोज असेल तर त्याची गळती वेगळी तपासा. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही.

सीटवर थोडं थांबतो. नॉझलच्या तोंडाची कडा आणि डिस्कची सपाटी, एवढ्या अरुंद पट्टीवर सगळी घट्टपणाची मदार असते. गळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये बहुतेक वेळा या पट्टीवर आडवी, केसाएवढी रेघ असते. वेल्डिंगचा खडा किंवा गंजाची कपची अडकली आणि त्यावरून वेगाने वायू गेला की अशी रेघ कोरली जाते. नखाने फिरवून बघा, नख अडखळलं तर नुसतं लॅपिंग (घासून सपाट करणं) पुरणार नाही, मशिनिंग लागेल. लॅपिंग सपाट कास्ट आयर्नच्या लॅपवर, आठाच्या आकारात हात फिरवत, जाड कंपाउंडपासून बारीक कंपाउंडकडे जात करायचं. डिस्क आणि नॉझल एकमेकांवर घासायचे नसतात, त्याने दोन्हींत चर पडतो. आणि दर वेळी निर्मात्याची किमान मापं तपासा. जास्त घासलेली डिस्क घट्ट बसते, पण व्हॉल्व्हचं उघडणं बदलतं.

पुन्हा सेट करणं

बेंचवर लावायचा दाब आणि सेट प्रेशर नेहमी एकच नसतात. बेंच थंड असतो आणि डिस्चार्ज हवेत उघडा असतो, प्लँटमध्ये दोन्ही वेगळे. गरम सर्व्हिसमध्ये व्हॉल्व्ह थोडा आधी उघडतो, म्हणून थंड बेंचवर निर्मात्याच्या तक्त्यातल्या गुणकाने आकडा वाढवतात. साध्या व्हॉल्व्हवर डिस्चार्जमध्ये कायमचा स्थिर बॅक प्रेशर असेल तर तो वजा होतो. उदाहरणार्थ, सेट १० बार, स्थिर बॅक प्रेशर ०.८ बार आणि तक्त्यातला गुणक १.०२ असेल तर बेंचवर ९.२ × १.०२ = ९.३८ बार. तोच व्हॉल्व्ह बेलोजचा असेल तर बॅक प्रेशर वजा करायचा नाही, म्हणजे १०.२ बार. दोन्हींत घोळ झाला तर व्हॉल्व्ह जवळपास १ बारने चुकतो आणि प्रमाणपत्र मात्र बिनचूक दिसतं.

सेट केल्यावर लागोपाठ काही पॉप घेऊन आकडा जागेवर राहतो का बघा. मग सीटची गळती. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) ५२७ या मानकाप्रमाणे ३.४५ बारच्या वरच्या व्हॉल्व्हसाठी दाब सेटच्या ९०% वर आणून आउटलेटला ७.९ मिमी बाहेरच्या व्यासाची नळी लावतात, तिचं टोक पाण्यात १२.७ मिमी खाली ठेवतात आणि बुडबुडे मोजतात. मोजायला लागण्याआधी दाब धरून ठेवायचा: २ इंचापर्यंतच्या इनलेटला १ मिनिट, ४ इंचापर्यंत २ मिनिटं, ६ इंच आणि पुढे ५ मिनिटं. धातूच्या सीटला ६९ बारपर्यंत एफ ऑरिफिस आणि त्याहून लहान असेल तर मिनिटाला ४०, मोठ्याला २० बुडबुडे चालतात. सॉफ्ट (रबर किंवा प्लास्टिकच्या) सीटला एकही नाही. नंतर लॉकनट, कॅप, नवीन सील आणि टॅग.

परत बसवताना

व्हॉल्व्ह उभाच बसवा. इनलेटच्या पाईपात वेल्डिंगचा खडा किंवा चिंधी राहिली नाही ना ते डोळ्यांनी बघा, गॅस्केट आत सरकून तोंड झाकत नाही ना तेही. इनलेटच्या पाईपात वाहताना दाबाची घट सेटच्या ३% च्या आत हवी, आपल्या उदाहरणात ०.३ बार. ती जास्त झाली तर व्हॉल्व्ह उघडतो, लगेच खालचा दाब पडतो, तो बंद होतो, पुन्हा उघडतो. या थरथराटाने सीट काही सेकंदांत खराब होऊ शकते आणि पाईपही हादरतो. साध्या व्हॉल्व्हला वाहताना तयार होणारा बॅक प्रेशर साधारण १०% च्या आत लागतो. डिस्चार्जच्या पाईपाचं वजन व्हॉल्व्हवर येऊ देऊ नका, त्याला स्वतःचा आधार द्या. पाणी साचेल अशा जागी ड्रेन ठेवा.

दोन गोष्टी हात लावून तपासा. एक, बॉनेटचं भोक. बेलोजच्या व्हॉल्व्हवर ते उघडं असावंच लागतं आणि घातक माल असेल तर पाईपने सुरक्षित जागी न्यावं लागतं. वाहतुकीचा प्लास्टिकचा प्लग तिथेच राहिला किंवा रंगाने भोक बुजलं, की बेलोज गळल्यावर बॉनेटमध्ये दाब साठतो आणि व्हॉल्व्ह सेटच्या वर उघडतो. बंद डिस्चार्जच्या साध्या व्हॉल्व्हवर मात्र हेच भोक प्लगने बंद असतं. म्हणजे प्लग दिसला की काढा असा सरसकट नियम चालत नाही, जात बघून ठरवा. दोन, गॅग. हायड्रोटेस्टच्या (पाणी भरून दाब देऊन तपासण्याच्या) वेळी स्पिंडल दाबून ठेवणारा स्क्रू कॅपवर राहून गेला तर तो व्हॉल्व्ह शोभेचा. गॅगला लाल रंग आणि नंबर द्या, स्टोअरमध्ये सगळे गॅग परत मोजल्याशिवाय स्टार्टअपला हो म्हणू नका.

व्हॉल्व्हखाली रप्चर डिस्क असेल तर दोघांमधल्या जागेला प्रेशर गेज हवंच. डिस्कला सुईएवढं भोक पडून त्या जागेत दाब साठला, तर डिस्क तिच्या आकड्याला फुटत नाही, कारण ती दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बघून फुटते.

किती दिवसांनी?

एपीआय ५१० मध्ये नेहमीच्या प्रोसेस सर्व्हिसला ५ वर्षं आणि स्वच्छ, न गंजणाऱ्या, न साचणाऱ्या सर्व्हिसला १० वर्षं ही वरची हद्द आहे. ती हद्द आहे, वेळापत्रक नव्हे. पॉलिमर होणाऱ्या किंवा मीठ साचणाऱ्या सर्व्हिसला बरेचदा वर्षभरही जास्त होतं. पहिला पॉप १०% ने वर आला तर पुढची मुदत निम्मी करा, असं मी सुचवतो. मुदत वाढवायची असेल तर लागोपाठ दोन वेळा पहिला पॉप हद्दीत आणि इनलेट स्वच्छ असल्याशिवाय नको. आणि साचणाऱ्या मालात मुदत कमी करण्याआधी साचणं कसं थांबवता येईल ते बघा: इनलेटला हीट ट्रेसिंग (पाईप गरम ठेवणं), स्वच्छ माध्यमाचा बारीक पर्ज (सतत सोडलेला झोत) किंवा खाली रप्चर डिस्क.

ब्लॉक केलेल्या द्रवाच्या लाइनवर बसवलेले छोटे थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह या यादीतून हमखास सुटतात. दोन्हीकडे बंद असलेल्या भरलेल्या लाइनवर ऊन पडलं की तापमानाच्या प्रत्येक अंशाला दाब कित्येक बारने वाढतो. त्यांनाही टॅग द्या.

चालू प्लँटमध्ये

गळणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून गळती थांबवायची नाही. त्याने सेट प्रेशर वर जातं. हातोडीने ठोकायचं नाही. गळती दिसली की आधी चालू दाब किती आहे बघा, तो सेटच्या फार जवळ असेल तर तिथेच कारण आहे.

गळती सहन करत राहण्याचा खरा तोटा २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसला. तिथला रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला. कंट्रोल रूममधला दिवा व्हॉल्व्ह प्रत्यक्ष बंद आहे का हे दाखवत नव्हता, फक्त बंद होण्याचा सिग्नल गेलाय का तेवढंच दाखवत होता. डिस्चार्ज पाईपाचं तापमान चढलेलं दिसत होतं, पण आधीपासूनच गळती होती म्हणून ते नेहमीचंच वाटलं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं. म्हणून डिस्चार्जच्या पाईपावर तापमान मोजत असाल तर "नेहमीच जास्त असतं" हे उत्तर कधीही स्वीकारू नका. फेरीवरच्या माणसाने पाईपावर बर्फ, ऊब, वेगळा आवाज, ड्रेनमधून थेंब यांपैकी काहीही दिसलं तर त्याच शिफ्टमध्ये लिहावं.

व्हॉल्व्हमधून सुटलेला माल कुठे जातो हेही तितकंच महत्त्वाचं. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या रिफायनरीत टॉवर द्रवाने काठोकाठ भरला, तिन्ही रिलीफ व्हॉल्व्ह उघडले. त्यांनी आपलं काम केलं. पण तो ज्वलनशील द्रव जुन्या ब्लोडाऊन ड्रमच्या चिमणीतून कारंज्यासारखा बाहेर आला आणि पेटला. १५ जण गेले. फ्लेअर, स्क्रबर, नॉकआऊट ड्रम यांपैकी काही बंद असेल तर त्यात सोडणारे रिलीफ व्हॉल्व्ह अर्धेच कामाचे आहेत असं धरून प्लँट चालवायचा का ते ठरवा.

एखादा व्हॉल्व्ह प्रत्यक्षात उठला तर वेळ, दाब, किती वेळ उघडा होता आणि किती दाबाला परत बसला, म्हणजे बंद झाला, हे लिहा. नीट बसला तरी पहिल्या संधीला तो बेंचवर न्या. दाब का चढला त्याचं कारण सापडल्याशिवाय ती घटना बंद करू नका. पंपाला मोठा इम्पेलर बसवला, कंट्रोल व्हॉल्व्हचा ट्रिम बदलला, उत्पादन वाढवलं किंवा इन्सुलेशन काढलं, तर नोंदवहीतला साईजचा रकाना उघडून हिशेब नव्याने करा आणि तो होईपर्यंत बदललेली लाइन चालू करू नका.